सकपाळसरांचं परराष्ट्र खातं

वेगवेगळ्या देशांतल्या आपल्या दूतावासांत तीस वर्षं काढलेला माणूस आमच्या क्लासमध्ये शिकवायला येणार, असं पाटकरांनी जाहीर केलेलं, म्हणून तो यायचा त्या दिवशी मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो. डोंबिवली पूर्वेला साड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास. पाटकर त्याचे मालक, आणि मी तिथे अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचो. माझ्या डोळ्यांसमोर सुटाबुटातला, इंग्रजीत खोकणारा कोणीतरी होता. आला तो ठेंगणा, सावळा, सत्तरीतला एक माणूस. पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. त्यांनी आधी पंखा कुठे आहे ते पाहिलं आणि पंख्याखालची खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीवर बसले.

"इकडे बसा ना, वारा लागेल," पाटकर म्हणाले.

"ती यजमानाची खुर्ची. पाहुण्याने पहिल्याच भेटीत वारा घेऊ नये."

पाटकर खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही राजदूत होतात, नाही का?"

"नाही हो. मी वाणिज्य विभागात सहायक. राजदूत खाली सही करायचे. सहीच्या वरचं सगळं मी लिहायचो."

पाटकरांचा चेहरा उतरला. कारण जिन्यात बॅनर लागलेला होता. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात ‘माजी राजदूत’, आणि खालच्या ओळीत ‘श्री. भिकाजी सकपाळ यांचे मार्गदर्शन’. सकपाळसरांनी तो येताना वाचलाच होता. त्यांनी माझ्याकडे काळा मार्कर मागितला, स्टूल मागितलं आणि जिन्यात जाऊन स्टुलावर चढले. पहिल्या ओळीत ‘राजदूत’पुढे जागा मोकळी होती. तिथे त्यांनी एक काना दिला, त्यावर अनुस्वार, आणि पुढे छापल्यासारख्या अक्षरात ‘चे सहायक’ लिहिलं. ‘माजी राजदूतांचे सहायक’. खाली उतरून, लांब उभं राहून, त्यांनी ओळ सरळ आली का ते पाहिलं.

"अहो, अॅडमिशनं कमी होतील ना!" पाटकर कळवळले.

"पहिला कागद खोटा असला, की पुढचे सगळे खरे कागद त्याच्यावर डुगडुगतात, पाटकर."

ते आणि मी दोघंही कळव्याचे, खारेगावातल्या जवळजवळच्या इमारतींमधले. त्यामुळे त्या दिवसापासून आमचं जाणं-येणं बरोबर सुरू झालं. ते मला ‘मास्तर’ म्हणायचे. मूळचे महाडकडच्या एका वाडीतले. बोलणं अगदी पुस्तकी, शुद्ध. फक्त राग आला की कोकण वर यायचं. राग यायचाही ठरावीक गोष्टींचा. त्यातली पहिली म्हणजे विशेषणं. एकदा मी क्लासच्या रजेचा अर्ज लिहीत होतो, तो त्यांनी वाचला आणि खिशातून लाल पेन काढलं.

"‘नम्र विनंती’तला ‘नम्र’ काढा. विनंती नम्रच असते. उद्धट असली तर तिला मागणी म्हणतात. आणि ‘अत्यंत महत्त्वाचे काम’ काय? कामाचं नाव लिहा. महत्त्वाचं आहे की नाही ते वाचणारा ठरवील."

मी लिहिलं, ‘मेहुणीचे लग्न’. पाटकरांनी अर्ध्या दिवसाची रजा दिली. विशेषणं ठेवली असती तर पूर्ण मिळाली असती, असं मला अजून वाटतं.

त्यांचा पहिला तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला. विषय होता, ‘विकसनशील देशाचे परराष्ट्र धोरण’. मुलं वह्या उघडून व्याख्या लिहून घ्यायला बसलेली. सर आले आणि म्हणाले, "आज डब्यात काय आहे?"

मुलं हसली. कोणीतरी म्हणालं, "वरण-भात."

"वरण कसलं?"

"तुरीचं, सर."

"तूर कुठली?"

"किराणा दुकानातली!"

वर्ग खदखदला. सरांनी फळ्यावर आफ्रिकेचा पूर्व किनारा काढला. नकाशात न बघता, एका रेघेत. मोझांबिक लिहिलं, टांझानिया लिहिलं. पलीकडे म्यानमार काढलं. आपल्याकडे पिकते ती तूर कधीकधी आपल्याला पुरत नाही, मग ती इकडून येते, आणि ती यावी म्हणून आधीच कोणीतरी जाऊन, बसून, चहा पिऊन, शब्द देऊन आलेलं असतं, हे त्यांनी सांगितलं.

"युद्ध, सीमा, करार, हे सगळं पुढे येईलच," ते म्हणाले. "पण आपल्यासारख्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा पहिला प्रश्न बायका रोज सकाळी विचारतात तोच आहे. घरात काय संपलंय? ते कोणाकडे आहे? आणि त्याला आपल्याकडचं काय हवंय? हातात यादी नसेल तर बाजारात जाऊ नये. मग तो बाजार जगाचा का असेना."

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव रूपाली. कल्याणला राहायची, घरचे मूळचे लातूरकडचे. वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच, म्हणून आम्ही शिक्षक तिला जरा घाबरूनच असायचो.

"सर, तुमची आफ्रिकेची डाळ आली, की आमच्या काकांच्या तुरीचा भाव पडतो. मग हे धोरण नक्की कोणाच्या विकासाचं?"

सरांनी खडू खाली ठेवला आणि तिला चक्क हात जोडले.

"तीस वर्षं वाणिज्य खात्यात सुखात काढली. आज शेतकी खात्याने गाठलं मला. या, पुढे या."

मग अर्धा तास ती फळ्यापाशी आणि सर बाकावर. किती डाळ आणायची, कोणत्या महिन्यात आणायची, आपलं पीक बाजारात यायच्या वेळी कशी थांबवायची, यावर दोघांची जुंपली. रूपालीचं म्हणणं, सरळ बंद करा. सर म्हणाले, "बंद करू. पण तिकडच्या एका बाईने आपल्या शब्दावर तूर पेरलीये. तिला यंदा ‘नको’ म्हटलं, तर ज्या वर्षी आपल्याला लागेल त्या वर्षी ती पेरील का?"

रूपाली म्हणाली, "मग उत्तर काय, सर?"

"उत्तर परीक्षेत असतं. धोरणात दर वर्षी पुन्हा बसावं लागतं. काकांना घेऊन."

मागून एक मुलगा ओरडला, "सर, पण ऑप्शन कुठला टिक करायचा?" पाटकरांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "अभ्यासक्रम होईल ना पुरा?"

त्यांचं परराष्ट्र खातं क्लासपुरतं नव्हतं. रविवारी कळव्याच्या मासळी बाजारात मी त्यांच्याबरोबर जायचो. मी भाव करायचो, ते करायचे नाहीत. ठरलेल्या एका कोळणीसमोर उकिडवे बसायचे, तिच्या नातवाच्या शाळेची चौकशी करायचे, या आठवड्यात खाडीला काय मिळालं, काय नाही मिळालं ते ऐकून घ्यायचे आणि ती सांगेल ते पैसे द्यायचे. मी हुज्जत घालून कोळंबी दहा रुपयांनी स्वस्त घ्यायचो आणि घरी आल्यावर बायको म्हणायची, नरम आहे. सरांच्या पिशवीत ताजं असायचं, वर मूठभर जवळा फुकट.

"दहा रुपये कमी करून तुम्ही आजचा दिवस जिंकलात, मास्तर. मला दर रविवारी जेवायचंय."

आणि कोणाच्याही घरी गेले की पुढे आलेलं दोनदा घ्यायचे. "पहिल्यांदा भुकेसाठी, दुसऱ्यांदा संबंधांसाठी." यामुळे त्यांची साखर वाढलेली आणि सकपाळकाकी माझ्यावर डोळे वटारायच्या, जणू जगाशी संबंध ठेवायला मीच त्यांना सांगितलं होतं.

घोडबंदर रोडच्या एका टोलेजंग सोसायटीने त्यांना व्याख्यानाला बोलावलं, तेव्हाची गंमत सांगतो. बाविसाव्या मजल्यावर त्यांचा हॉल. विषय सोसायटीनेच दिलेला, ‘भारत महासत्ता कधी होणार?’ आम्ही बसने निघालो आणि वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो. सर शांतपणे खिडकीतून उड्डाणपुलाचे खांब मोजत होते. "महासत्ता व्हायला उशीर होणार, असं फोन करून कळवा त्यांना," म्हणाले.

व्याख्यान झालं आणि प्रश्न सुरू झाले. पहिल्याच रांगेतले एक निवृत्त साहेब उठले. छान तुकतुकीत, निळ्या टी-शर्टातले. त्यांनी एका शेजारी देशाचं नाव घेतलं आणि आवाज चढवला. "त्यांना धडा का शिकवत नाही आपण? त्यांच्याकडून एक टाचणीसुद्धा घेता कामा नये!"

टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या.

"अगदी बरोबर. आजपासूनच सुरुवात करू. मी बावीस मजले जिन्याने उतरायला तयार आहे."

कोणाला कळेना. सर म्हणाले, "येताना तुमच्या लिफ्टमध्ये दाराजवळची पट्टी वाचली मी. लिफ्ट तिकडचीच आहे."

मग एकदम हशा. ते साहेबही हसले, बिचारे. सर पुढे म्हणाले, "भांडायचंच नाही असं मी म्हणत नाही. भांडावं लागतं. पण लिफ्ट चालू ठेवून भांडावं, आणि भांडता भांडता लिफ्ट बनवायला शिकावं. शिकून झालं की मग आवाज चढवावा. तेव्हा तो चढवायची गरजही उरत नाही."

मग मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "आपल्याच देशात इतके गरीब असताना आपण आफ्रिकेतल्या देशांना कर्जं का देतो? आधी आपलं बघा ना."

प्रश्न प्रामाणिक होता. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला.

"माझे वडील गोदीत हमाल होते," ते म्हणाले. "मी लहान असताना देशात धान्य पुरत नव्हतं. परदेशातून जहाजं यायची, गव्हाची. ती पोती माझ्या वडलांच्या पाठीवरून देशात आली. प्रत्येक पोत्यावर छापलेलं असायचं, अमक्या देशाच्या जनतेकडून भेट. आईने त्यातल्या एका रिकाम्या पोत्याचं माझं दप्तर शिवलं. मी इंग्रजी अक्षरं त्या दप्तरावर शिकलो. पहिला शब्द शिकलो तो ‘गिफ्ट’. वडलांना वाचून दाखवला, त्यांना वाटलं पोरगं हुशार निघालं. मग त्याचा अर्थ सांगितला, भेट. तेव्हा ते म्हणाले, पोतं जड नसतं रे भिकू, वरचं लिहिलेलं जड असतं."

आता ते घोटभर पाणी प्यायले.

"त्या गव्हाने आम्ही जगलो. त्यांचे उपकार आहेतच. पण मी नोकरीला लागलो तेव्हा ठरवलं, की आपण कधी कोणाला काही देऊ, तेव्हा असं द्यायचं की घेणाऱ्याच्या बापाची पाठ वाकू नये."

आणि मग त्यांनी पंपांची गोष्ट सांगितली. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाला आपण शेतीच्या पंपांसाठी कर्ज दिलेलं. अट अशी, की पंप आपल्याकडून घ्यायचे. म्हणजे कर्जाचे पैसे आपल्याच कारखान्यांत आले, आपल्याच कामगारांचे पगार झाले आणि तिकडे पंप गेले. कागदावर दोघांचं भलं. वर्षभराने सर एका गावात गेले तर पंपावर लुगड्यांसारखी कापडं वाळत घातलेली. पंप बंद. का? तर आतला रबरी वायसर झिजलेला. तो मिळत नाही, आणि बदलायचा कसा ते कोणाला माहीत नाही.

"मी टिपण लिहिलं. दोन फिटर आणि वायसरची एक पेटी पाठवा, आणि तिथल्या पोरांना शिकवा. माझे वरिष्ठ म्हणाले, सकपाळ, वायसर हा परराष्ट्र धोरणाचा विषय आहे का? मी म्हटलं, साहेब, सध्या तोच आहे. तीन स्मरणपत्रांनंतर फिटर आले. सांगलीकडचे दोघे. भाषा येत नव्हती, पण पाना कसा धरायचा ते खुणेने सांगता येतं. सहा महिन्यांनी पंप चालू झाले. पुढच्या वर्षी त्यांनी कर्जाशिवाय, स्वतःच्या पैशाने, आपल्याकडचेच पाइप मागवले. बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की आपलं बघायचं म्हणूनच तिकडे जायचं. फक्त जाताना वायसर न्यायचा."

परत येताना सोसायटीने दिलेली शाल गुंडाळून ते बसमध्ये बसलेले. "छान आहे," म्हणाले, "कुठली आहे बघा." मी लेबल वाचलं आणि त्यांना सांगितलंच नाही.

हे सगळं गमतीगमतीत चाललेलं असताना रूपाली क्लासला यायची बंद झाली. आठवडा झाला, दहा दिवस झाले. मी फोन केला तर रडायलाच लागली. तिची मोठी बहीण ज्योती नर्स. एका एजंटमार्फत आखातातल्या एका देशात गेलेली. करारात लिहिलेलं, मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स. तिथे पोचल्यावर तिला एका श्रीमंताच्या घरी म्हाताऱ्या आजारी माणसाच्या दिमतीला ठेवलं. पगार अर्धा, रात्रंदिवस काम, आणि पासपोर्ट मालकाने कपाटात ठेवून घेतला. एजंट फोन उचलत नव्हता.

मी सरांना सांगितलं. दुपारचे दोन वाजलेले. ते डबा उघडून बसलेले. मी म्हटलं, "उद्या सकाळी बोलवू का त्यांना?"

"आत्ता," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

रूपाली आणि तिची आई कल्याणहून तासाभरात आल्या. आई खुर्चीवर बसेचना. "साहेब, माझ्या पोरीला परत आणा. काय बी करा, पन परत आणा." मीही तेच धरून चाललेलो. दुसरं काय असणार? सरांनी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि रूपालीला म्हणाले, "ज्योतीला कधी फोन करता येतो?"

"आत्ता तो म्हातारा झोपतो, तेव्हा उचलते."

फोन लागला. सरांनी स्वतःची ओळख करून दिली, आणि मग जे विचारलं ते तोवर आमच्यापैकी कोणीच विचारलेलं नव्हतं.

"बाळ, तुला काय हवंय?"

पलीकडून बारीक पण स्पष्ट आवाज आला. "काका, मला परत नाही यायचं. मला माझा पासपोर्ट पाहिजे आणि माझं हॉस्पिटल पाहिजे. मी स्टाफ नर्स आहे. तेवढ्यासाठीच आलेय मी."

आईने तोंडाला पदर लावला. सरांचे डोळे मात्र असे चमकले, की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग अर्ज. तो एका पानाचा अर्ज लिहायला आम्हाला संध्याकाळचे सात वाजले. ज्योतीच्या कराराची प्रत, नोंदणी क्रमांक, घराचा पत्ता, मालकाचं नाव, पासपोर्ट कोणत्या तारखेला घेतला, कोणासमोर घेतला. आई म्हणाली, "माझी मुलगी लई गुणाची हाय, ते लिवा." सरांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि लिहिलं, ‘नोंदणीकृत परिचारिका, सहा वर्षांचा अनुभव’. मग ते आईला वाचून दाखवून म्हणाले, "ताई, हे गुणाचंच सरकारी भाषांतर आहे." रूपालीने एका जागी ‘अमानुष’ लिहिलेलं, ते त्यांनी खोडलं आणि विचारलं, रोज किती तास काम? अठरा. ‘अठरा तास’ लिहिलं. "बघ, आता वाचणाराच अमानुष म्हणेल. आपण कशाला म्हणायचं?"

अर्ज तिथल्या आपल्या दूतावासाला गेला, एक प्रत कामगारांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, एक दिल्लीला. मग वाट बघणं सुरू झालं. सर रोज क्लासला यायचे, शिकवायचे, पण मधल्या सुट्टीत फोनकडे बघत बसायचे. एकदा मी सहज म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्ही जेवणसुद्धा टाकलंत. सकाळी बोलावलं असतं तरी चाललं असतं की."

तेव्हा त्यांनी सांगितलं. आखातात त्यांची पहिली बदली झालेली. कामगारांच्या खिडकीवर काही दिवस बसवलेलं. एक दिवस खिडकी बंद करायच्या वेळेला एक गवंडी आला. फॉर्म अर्धवट भरलेला. सरांचं दोन शब्दांचं हिंदी ऐकून तो एकदम हसला आणि मराठीत म्हणाला, तुम्ही आमच्याकडचे ना, महाडकडचे?

"मी नवा होतो, मास्तर. मला वाटलं, गाववाला म्हणून सवलत दिली तर लोक काय म्हणतील? मी अंग आवळून घेतलं. म्हटलं, फॉर्म पुरा करून उद्या या. तो बरं म्हणाला आणि गेला. शिपायाने नंतर सांगितलं, दूरच्या वाळवंटातल्या कामावरून ट्रकमधून आलेला, महिन्यातून एकच सुट्टी त्याला. परत आला नाही तो. मी पुढे दोन वर्षं रजिस्टर चाळायचो. पण काय शोधणार? फॉर्मवर नाव तरी लिहिलेलं असणार ना? मी वाचलंच नव्हतं."

एवढं बोलून ते उठले आणि तासाला गेले. तासात त्यांनी त्या दिवशी मुलांना खूप हसवलं. मी ऐकत होतो, मला हसू येत नव्हतं.

अर्ज गेल्यापासून नवव्या दिवशी रूपाली जिना चढत धावत आली. दूतावासाचा माणूस त्या घरी गेलेला, बरोबर तिथल्या कामगार खात्याचाही कोणी होता. ज्योतीला पासपोर्ट मिळाला, आणि करारात नाव होतं त्याच हॉस्पिटलात ती रुजू झाली. फोनवर गणवेशातला फोटो आलेला. सरांनी तो चष्मा वर करून, चष्मा खाली करून, दोन्ही तऱ्हांनी पाहिला. मग म्हणाले, "पाटकर, चहा सांगा. आज पंख्याखाली मी बसणार."

चहा पिता पिता माझ्याकडे वळले. "बघा मास्तर. घाबरून परत यायचं नाही आणि वाकून राहायचंही नाही. आपला कागद घेऊन, आपलं काम मागायचं. माणसाने काय, देशाने काय, एवढंच करायचं असतं. बाकी सगळी परिशिष्टं."

रूपालीने हे वहीत लिहून घेतलं. ती पुढे परीक्षा पास झाली आणि खरोखरच कृषी खात्यात लागली. पेढे घेऊन आली तेव्हा सरांनी दोन घेतले.

गेल्या वर्षी सकपाळसर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बौद्ध पद्धतीने वंदना झाली, तेव्हा खारेगावातली त्यांची छोटी खोली माणसांनी भरलेली. मी तिथेही होतो, पण ते दिवस आठवू गेलं की मला वेगळंच दृश्य दिसतं.

त्याआधी दोन-तीन आठवड्यांची गोष्ट. क्लासचे लोखंडी बाक दुरुस्तीला टाकलेले, ते कधी मिळतील ते बघायला पाटकरांनी मला कोलशेतला भोईरांच्या शेडवर पाठवलं. भोईर तिथलेच, खाडीकाठचे. वेल्डिंगची कामं करायचे आणि अलीकडे उन्हावर मासळी सुकवायच्या मोठ्या काचेच्या पेट्या बनवायला लागलेले. मी आत शिरलो तर शेडच्या कोपऱ्यात, एका उलट्या खोक्यावर, सकपाळसर. समोर दुसऱ्या खोक्यावर आफ्रिकेतून आलेली एक तरुण मुलगी, डोक्याला पिवळाधमक रुमाल बांधलेली. आपल्या सरकारच्या प्रशिक्षण योजनेतून इंजिनिअर मंडळींचा गट आलेला, त्यातली ती. तिच्या देशातही किनाऱ्यावर मासळी सुकवतात, म्हणून तिला ती पेटी बघायची होती, आणि सर दुभाषा म्हणून बरोबर आलेले.

भोईर मला म्हणाले, "मास्तर, सायेब सकालपासून हितंच हाय. त्या पोरीशी काय बोलतंय ते काय कलत नाय, पन दोघं लय हसतान."

ते पूर्व आफ्रिकेतल्या नोकरीत शिकलेल्या स्वाहिलीत बोलत होते. ती मुलगी हसता हसता डोळे पुसत होती. सरांनी मला पाहिलं आणि मराठीत सांगितलं, "ही म्हणते, मी तिच्या आजीसारखं बोलतो. मी वापरतो तो शब्द आता कोणी वापरत नाही म्हणे. नवा आलाय." एवढं सांगून त्यांनी हाताने मला थांबण्याची खूण केली, खिशातून पेन्सिल आणि बसचं तिकीट काढलं आणि ते तिच्यापुढे धरलं. तिने तिकिटाच्या मागे तो शब्द लिहून दिला. सरांनी वाचला. ती नाही म्हणाली, ओठ सावकाश हलवून पुन्हा सांगितला. पंच्याहत्तरी ओलांडलेला तो माणूस शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून पुन्हा म्हणाला. पुन्हा चुकलं.

मला उशीर होत होता. बाक तयार नव्हतेच. मी हात हलवला, त्यांचं लक्ष नव्हतं. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा वेल्डिंगच्या आवाजातून त्यांचा आवाज आला, चौथ्यांदा तोच शब्द, अगदी सावकाश. आणि या वेळी त्या मुलीने टाळी वाजवली.